1970 ची शेवरले सी-10 पिकअप: मूळचं सहा सिलिंडर इंजिन ठेवू की व्ही-8 बसवू?

आधी मूळ 250 (घन इंच) सहा सिलिंडर इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्या. सहाही सिलिंडरांचा आकडा जवळपास सारखा आला आणि ऑइल जळत नसेल, तर तेच ठेवा. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आजही मिळतात, आणि बॉनेट उघडलं की हात सगळीकडे पोहोचतो. रविवारी फिरायला, थोडंफार सामान आणायला तेवढी ताकद पुरते.

ट्रेलर ओढायचा असेल तर माझं मत 350 व्ही-8 ला, तेही कार्ब्युरेटरवरच (पेट्रोल-हवा मिसळणारा जुना यांत्रिक भाग). ते तेव्हा याच गाडीत मिळायचं. बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) जुळते, माउंट (इंजिन चासीला धरणारे आधार) तेवढे बदलावे लागतात.

1999 नंतरच्या शेवरले सिल्व्हराडो पिकअपमधलं 5.3 लिटर एलएस (नव्या पिढीचं व्ही-8) बरेच जण सुचवतील. इंजिन दणकट आहे, पण भंगारात स्वस्त मिळतंय म्हणून भुलू नका. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग आणि सुमारे 58 पीएसआय (दाबाचं एकक) दाबाचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप, हा खर्च वेगळाच. शिवाय तुमच्या सी-10 ची पेट्रोलची टाकी कॅबमध्येच, सीटच्या मागे असते. एवढ्या दाबाची लाइन तिथे जराही गळून चालणार नाही. टाकी आधी मागे चासीखाली हलवा.