जनवकिली म्हणजे नेमके कोणते काम?

तरुण स्त्रियांचे नेतृत्व आणि स्त्री-पुरुष समानता यांसाठी जगभर जे काम चालते, त्याविषयी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न (विटा) : ताई, सप्रेम नमस्कार. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी तीन वर्षे बचत गटांबरोबर काम केले. आता तरुण स्त्रियांच्या नेतृत्वासाठी अनेक देशांत काम करणाऱ्या एका संस्थेच्या ॲडव्होकसी विभागात मला जागा मिळते आहे. घरी आजीपासून मामांपर्यंत सगळे विचारतात, “तिथं तू करणार काय? शिलाई मशिनी वाटणार का?” खरे तर मलाही ते नीट सांगता येत नाही. आपण सांगाल का?

उत्तर : आपल्याकडच्या कार्यकर्त्या ॲडव्होकसीला जनवकिली म्हणतात. आजींना सांगताना तोच शब्द वापरा, कारण वकील म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. एवढेच सांगायचे राहते, की हा वकील एका खटल्यापुरता उभा राहत नाही. जिथे नियम लिहिले जातात तिथे, ते लिहून पुरे होण्याआधी तो जाऊन उभा राहतो. मशीन वाटणारी संस्था एका बाईला एक मशीन देते. जनवकिली करणारी संस्था त्याच बाईचा कर्जाचा अर्ज का नाकारला गेला, ती कोणत्या अटीपाशी अडली, तशाच अडलेल्या आणखी किती जणी आहेत, हे गोळा करते आणि ती अट बदलेपर्यंत पाठपुरावा सोडत नाही. दोन्ही कामे लागतात; पण दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून घरच्यांना प्रश्न पडतो.

एका शब्दासाठी भांडण्यात काय अर्थ आहे, असे कोणी म्हणालेच तर हंसा मेहता यांची गोष्ट सांगा. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. ‘मेन’ या शब्दात बायकाही आल्याच, असे मानणारी मंडळी तेव्हाही होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी असलेल्या हंसाबेन यांनी मात्र तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असेच हवे, हा आग्रह धरला आणि १० डिसेंबर १९४८ रोजी आमसभेने जाहीरनामा स्वीकारला तो त्याच शब्दांसह. आपला देश स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. स्त्रियांच्या दर्जाविषयीचा जो आयोग संयुक्त राष्ट्रांनी १९४६ मध्ये स्थापन केला, त्याच्या १९४७ च्या पहिल्या बैठकीलाही भारताच्या वतीने बेगम हमीद अली उपस्थित होत्या. तेव्हा हे काम परदेशातून आपल्याकडे आलेले आहे, ही समजूत मुळातच बरोबर नाही.

आता तुमच्या रोजच्या कामाविषयी. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या या आयोगात ४५ सदस्य देश असतात आणि त्याची बैठक दर मार्चमध्ये न्यूयॉर्कला भरते. तिथे एका विषयावर सर्व देशांनी मान्य करायचा मसुदा आधीच फिरू लागतो. तुमच्यासारख्या कार्यकर्त्या तो मसुदा ओळीओळीने वाचतात, कुठे ‘करावे’ च्या जागी ‘करण्याचा विचार करावा’ असे आले आहे ते शोधतात, आपापल्या देशाच्या प्रतिनिधींना भेटतात, लेखी निवेदने देतात. दुसरे मोठे काम ‘सीडॉ’ करारासंबंधी असते. स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्यासाठीचा हा करार १८ डिसेंबर १९७९ रोजी संमत झाला आणि भारताने तो १९९३ मध्ये अनुसमर्थित केला. करार मान्य केलेल्या प्रत्येक देशाच्या सरकारला आपल्या कामगिरीचा अहवाल ठरावीक काळाने जिनिव्हातल्या २३ तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवावा लागतो, आणि त्याच वेळी त्या देशातल्या संस्था स्वतःचा वेगळा अहवाल देऊ शकतात. त्याला छाया अहवाल म्हणतात. सरकार सांगते योजना किती. छाया अहवालात लिहायचे असते, त्या योजनेतून घरी काय पोहोचले.

इथे तुमची विट्यातली तीन वर्षे कामाला येणार आहेत. खानापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीला मी काही वर्षांपूर्वी बसले होते. समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली, मध्ये पत्र्याची पेटी, आणि अध्यक्षाबाईंच्या मांडीवर लाल पुठ्ठ्याचे रजिस्टर. एका विशीतल्या सुनेने सांगितले, की तिच्या नावावर उचललेले कर्ज दिराच्या मोटरसायकलला गेले आणि हप्ता मात्र ती शेतमजुरीतून भरते. क्षणभर कोणी बोलेना. मग तीच म्हणाली, “हे प्रोसिडिंगला घ्या.” अध्यक्षाबाईंनी पेन उघडले. ज्यांना हे काम कळत नाही त्यांना मी नेहमी हाच प्रसंग सांगते, कारण जिनिव्हातल्या समितीपुढे आणि त्या सतरंजीवर मागणी एकच असते : आमच्यावर गुदरले ते नोंदीत आले पाहिजे. तुमच्या नव्या नोकरीत ती नोंद एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत न बिघडता पोहोचवणे, हे तुमचे मुख्य काम राहील. ती बिघडते. सुनेचे वाक्य इंग्रजीत जाताना ‘आर्थिक साक्षरतेचा अभाव’ होऊन बसते, आणि दीर त्यातून सुखरूप निसटतो. तसे होऊ देऊ नका.

आणखी एक. तरुण मुलींना मंचावर बोलावणे सोपे असते. त्यांच्या हाती निर्णय देणे अवघड असते. १८५५ मध्ये लंडनला सुरू झालेली आणि आज जिनिव्हातून शंभराहून अधिक देशांत काम करणारी वर्ल्ड वाय.डब्ल्यू.सी.ए. ही संस्था आपल्या नियामक मंडळात तिशीपर्यंतच्या स्त्रियांना किमान चौथा हिस्सा देते. तुमच्या होणाऱ्या संस्थेत हे प्रमाण काय आहे, आणि अंदाजपत्रक ठरते त्या बैठकीला तरुण सहकारी असतात का, हे रुजू होण्याआधी विचारून घ्या. विचारण्यात उद्धटपणा नाही.

प्रश्न (कराड) : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलगा असून या क्षेत्रात काम करता येईल का? मित्र चेष्टा करतात.

उत्तर : अवश्य येईल, आणि यावे. बालविवाह ठरवणाऱ्या बैठकीत बसतात ते बहुतेक काका, मामा आणि वडीलच असतात. त्यांच्याशी बोलायला तुमच्यासारख्यांची फार गरज आहे. मात्र स्त्रियांच्या सभेत आधी ऐकायची सवय लावून घ्या, आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम मागून घ्या. त्याने जेवढे शिकायला मिळते तेवढे भाषणाने मिळत नाही.

प्रश्न (कोरेगाव, जि. सातारा) : मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या मुलीला याच क्षेत्रात जायचे आहे. तिला अडवण्याची इच्छा नाही. पण न्यूयॉर्क आणि जिनिव्हा इथल्या परिषदांमध्ये होणाऱ्या ठरावांचा आमच्या भागातल्या मुलीला प्रत्यक्ष काय उपयोग होतो, हे कोणी सांगितल्याशिवाय मनाला पटत नाही. शेवटी ते कागदच ना?

उत्तर : गुरुजी, कागदच आहेत. पण एका कागदाचा प्रवास तुमच्यापुढे ठेवते. १९९२ मध्ये राजस्थानातल्या भटेरी गावी भँवरीदेवी या ‘साथिन’, म्हणजे सरकारच्या महिला विकास कार्यक्रमाची गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करणाऱ्या स्त्रीने एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासाठी तेव्हा आपल्या देशात वेगळा कायदा नव्हता. स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल देताना न्यायालयाने भारताने मान्य केलेल्या सीडॉ कराराचा आधार घेतला आणि कायदा होईपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुढे २०१३ मध्ये कायदा झाला. आज साताऱ्याच्या एम.आय.डी.सी.तल्या कारखान्यात, बँकेत किंवा महाविद्यालयात, जिथे दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात तिथे, अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कोरेगावच्या दुकानात हिशेब लिहिणारी मुलगीही त्यात आली. न्यूयॉर्कमध्ये मंजूर झालेला करार आणि तिचे दुकान यांच्यामध्ये भँवरीदेवीचे धैर्य आहे, संघटनांनी वर्षानुवर्षे मारलेल्या कोर्टाच्या फेऱ्या आहेत आणि ज्यांना तो करार पाठ होता अशा वकील स्त्रिया आहेत. तुमच्या मुलीला या शेवटच्या वर्गात बसायचे आहे, असे मी समजते.

तुमची शंका मात्र मी पूर्णपणे बाजूला सारणार नाही. ठराव झाला म्हणून मन बदलत नाही, आणि कित्येकदा जिल्हा जगाच्या पुढे चालतो. मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचे नाव नकुशा ठेवायचे, ही रीत आपल्याच भागातली. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. हजेरीत रोज ‘नको असलेली’ म्हणून हाक ऐकणाऱ्या मुलीचे काय होत असेल, हे तुम्ही वर्गात पाहिले असेल. मला ते शब्दांत मांडता येत नाही. ११ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय बालिका दिन पाळण्याचे संयुक्त राष्ट्रांनी ठरवले ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आणि पहिला दिन पाळला गेला २०१२ मध्ये. म्हणजे सातारा दोन महिने आधी होता.

आणि वाट उलटही जाते. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने त्यांचा पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक स्त्रियांनी अंगठे उठवले होते. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचे हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, असे अधिकाऱ्यांना सांगितले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिच्या संस्थापक चेतना सिन्हा २०१८ मध्ये दाव्होसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्ष होत्या. त्या वर्षीची सातही सहअध्यक्षपदे स्त्रियांकडे होती. दुष्काळी तालुक्यातल्या बायका कर्ज कसे मागतात आणि कसे फेडतात, हे तिथे पोहोचले ते म्हसवडहून. मुलीला जरूर जाऊ द्या. फक्त सुरुवातीची एक-दोन वर्षे तिने माणमध्ये किंवा जतमध्ये काढावीत, एवढा आग्रह धरा.

प्रश्न (जत तालुका, जि. सांगली) : माझे वय २६. राखीव जागेवरून मी ग्रामपंचायत सदस्य झाले. सांगलीला दोन दिवसांचे नेतृत्व प्रशिक्षण झाले, तिथे जगातल्या स्त्रियांविषयी पुष्कळ सांगितले, मन भरून आले. परत आले तर मासिक सभेत माझ्या खुर्चीवर मिस्टर बसलेले आणि मी दाराजवळ. सह्या घरी येतात. मी काय करू, ताई?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. चूक तुमची नाही. दोन दिवस शिकवून परत न फिरकणाऱ्यांची आहे, आणि हे मी त्या क्षेत्रातल्या सर्वांना उद्देशून लिहीत आहे. शिबिर संपल्यावर सहा महिन्यांनी गावात येऊन, ती बाई कुठे बसते हे जे पाहत नाहीत, त्यांनी नेतृत्व हा शब्द जपून वापरावा.

तुमच्या बाजूने काय आहे ते आधी पाहू. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या आणि महाराष्ट्राने पुढे त्या निम्म्या केल्या. सीडॉ कराराचे सातवे कलम सार्वजनिक जीवनातल्या सहभागाविषयी आहे आणि चौदावे खास ग्रामीण स्त्रियांविषयी. सीडॉच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये दिलेल्या चाळिसाव्या शिफारशीत निर्णयाच्या प्रत्येक ठिकाणी निम्मा वाटा स्त्रियांचा असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. कलमे दाखवून खुर्ची रिकामी होणार नाही, हे मला कळते. पण आपण काही मेहेरबानी मागत नाही, एवढे मनाशी पक्के झाले की आवाज कमी कापतो.

मासिक सभेत बसण्याचा अधिकार सदस्याचा आहे, सदस्याच्या पतीचा नाही. घरात भांडण न वाढवता सुरुवात करायची असेल, तर शेजारच्या प्रभागातल्या सदस्य बाईंशी आधी बोला आणि दोघी मिळून, सभेच्या वेळेआधी दहा मिनिटे जाऊन बसा. आधी जाऊन बसलेल्या बाईला उठवणे गावातही अवघड असते. विषय एकच न्या, आणि तो असा न्या की ज्याला कोणी नाही म्हणू शकणार नाही : अंगणवाडीचे पाणी, शाळेतल्या मुलींचे स्वच्छतागृह. बोलणे चार वाक्यांचे ठेवा आणि शेवटी म्हणा, “माझं म्हणणं प्रोसिडिंगला घ्या.” सही करण्याआधी ते लिहिले गेले का, हे तिथेच वाचा. सह्या घरी आणून देण्याची पद्धत त्या दिवसापासून नाकारा. ज्या सभेला तुम्ही बसला नाहीत त्या सभेच्या कागदावर तुमची सही जाणे, हा पुढे तुमच्याच अंगाशी येणारा प्रकार आहे.

एका गावाचा ठराव किती दूर जातो, हे तुमच्यापासून फार लांब नसलेल्या हेरवाडने दाखवले आहे. शिरोळ तालुक्यातल्या या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे थांबवायचे, एवढाच तो विषय. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घेणे आपल्या राज्यात कायद्याने आवश्यक आहे, आणि कित्येक गावांत ती केवळ कागदावर होते. तुमच्याकडे पुढची कधी आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) उद्याच विचारा, आणि नोटीस फलकावर लागली की तिचा तारखेसह फोटो काढून ठेवा.