मेळघाटात पहिल्यांदाच आरोग्य शिबिराला येतेस?

अगं, तू न्यूजर्सीत वाढलेली. परतवाडा सुटून घाट लागला की ‘हा कुठला भारत?’ असं वाटणारच. वाटू दे. पहिले दोन दिवस मत बनवू नकोस, फोटो तर अजिबात काढू नकोस.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

– मराठी येते म्हणून निर्धास्त राहू नकोस. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर घरात कोरकू बोलतात, आणि ती मराठीच्या कुळातली नाहीच. आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, शेजारी बस. बाया आधी त्यांच्याशीच बोलतात.

– एखाद्या बाळाच्या पोटावर डागल्याच्या खुणा दिसतील. पोट फुगलं की भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, नेऊन डागतात. माझ्या पहिल्या शिबिरात मी आईवर ओरडले. तिने बाळाला पदराखाली घेतलं, उठली, ती पुन्हा आलीच नाही. तू आधी एवढंच विचार, ‘दूध पितंय ना?’

– जुलाबावरच्या ओआरएसचं मोठं पाकीट नुसतं हातात देऊ नकोस. त्यांच्याच घरच्या भांड्याने १ लिटर पाणी मोजून दाखव. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ढवळलेलं मी पाहिलंय.

डोस, नोंदवह्या वगैरे नंतर. पाणी उकळलेलंच पी. चहाला मात्र नाही म्हणू नकोस. कोरा असेल, गोडमिट्ट.