दादा रडला नाही मी रडलो

प्रश्न : नमस्कार बाई, माझा मुलगा तिसरीत आहे, मराठी मिडियम. बोलायला एकदम तयार पण निबंध लिहिला की अख्ख्या पानात एक पूर्णविराम नसतो. परवाच्या वहीतलं तसंच्या तसं पाठवतेय, 'काल आम्ही जत्रेला गेलो आणि मग पाळण्यात बसलो आणि मग पाळणा वर गेला आणि मग दादा रडला नाही मी रडलो आणि मग भेळ खाल्ली'. वहीभर लाल गोल. विरामचिन्हांची नावं आणि व्याख्या घडाघडा म्हणतो, मग लिहिताना काय होतं?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी लेकाला माझ्याकडून शाबासकी द्या, पाळणा वर गेला तिथे माझ्याही पोटात गोळा आला! व्याख्या पाठ असणं आणि चिन्ह हाताला येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो, मी तीस वर्षं तिसरी-चौथीला शिकवलंय, व्याख्येमुळे कुणाचा पूर्णविराम आलेला मला तरी आठवत नाही. तो बोलताना बरोब्बर थांबतोच ना? मग तेच कानाकडून हाताकडे आणायचं.

त्याचाच निबंध त्यालाच मोठ्यांदा वाचायला लावा, अट एकच, चिन्ह दिसल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही. भेळेपर्यंत पोचायच्या आत तोंड लाल होईल आणि तोच म्हणेल की आई इथे थांबायला पाहिजे. तिथे पेन्सिलीने टिंब त्यालाच देऊ दे, तुम्ही देऊ नका. आमच्या वर्गात पूर्णविरामाला टाळी आणि स्वल्पविरामाला चुटकी असायची, शेजारच्या वर्गातल्या बाई वैतागायच्या पण पोरं चिन्हं विसरायची नाहीत. आणि टिंब दिलं की तिथला 'आणि मग' खोडायचा, बरेचसे आपोआप गळतात.

आता खरी गंमत म्हणजे त्याचं ते वाक्य. दोन चिठ्ठ्यांवर लिहा, 'दादा रडला नाही, मी रडलो.' आणि 'दादा रडला, नाही मी रडलो.' दोन्ही दादासमोर वाचायला सांगा. घरात भांडण पेटलं की समजा स्वल्पविराम कळला, मग त्याला अर्धविराम, अपूर्णविराम वगैरे आत्ता नको, ते येतील पुढे.

आणि लाल गोलांचं फार मनाला लावून घेऊ नका. जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हं तर सोडाच, दोन शब्दांत जागासुद्धा सोडत नसत. ही चिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी ह्या इंग्रज अधिकाऱ्याला देतात, म्हणजे आपल्या भाषेनेच ती उशिरा घेतली. शिवाय मराठीत कॅपिटल अक्षर नाही, त्यामुळे वाक्य संपलं हे सांगायला ते एवढंसं टिंबच असतं, म्हणून ते ठळक द्यायला शिकवा. आणि हिंदी सुरू झाली की मराठीच्या वहीतही दंड, म्हणजे ती उभी रेघ, मारायला लागेल, तेव्हा ओरडू नका, कुठल्या वहीत काय एवढंच दाखवा.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. 'फूल' दीर्घ मग 'फुलाला' ऱ्हस्व का असं विचारते, मला सांगता येत नाही.
– एक बाबा, सांगली

उत्तर : दादा, तुम्हीच एकदा बोलून बघा. 'फूल' म्हणताना 'फू' लांबतो, 'फुलाला' म्हणताना शेपूट लागल्यामुळे आपण तिथून पटकन पुढे सरकतो. मूल-मुलाला, पूर-पुरात, बहीण-बहिणीला, विहीर-विहिरीत, सगळीकडे तेच. १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे शुद्धलेखनाचे १८ नियम आपल्याला तरी कुठे पाठ असतात, तिला हा एकच द्या आणि घरातले शब्द शोधायला लावा, फ्रिजवर कागद चिकटवून रोज दोन. 'शरीर'चं मात्र 'शरीराला'च राहतं कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, पण ते तिने विचारलं तरच सांगा.