"घेऊया का?" असं विचारून पर्मिटवर सही करू नका

तुम्ही सेफ्टी ऑफिसर आहात. तुम्ही लिहिलंय की टाकीत माणसं सोडण्याआधी "गॅस टेस्ट पुन्हा करूया का?" असं विचारलं, तर प्रॉडक्शन मॅनेजर ठेकेदाराच्या माणसांसमोर म्हणाले, "तुला प्लांट बंद पाडायचाय का?" तुम्ही गप्प बसलात, आणि आता विचारताय की असर्टिव्हनेसचा, म्हणजे ठामपणे बोलण्याचा, कोर्स करावा का. वाचताना मला माझीच अकरा वर्षांपूर्वीची दुपार दिसली, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. पर्मिटचे (धोक्याच्या कामाच्या लेखी परवानगीचे) प्रकार, पीपीई (अंगावरची सुरक्षा साधनं) हे सगळं तुम्हाला येतंच असं धरतो.

शटडाऊनचा, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवल्याचा, चौथा दिवस होता. रिअ‍ॅक्टरच्या आत, म्हणजे रसायनाच्या बंद टाकीत, खरवडण्याचं काम चाललेलं. सकाळी ऑक्सिजन २०.८ टक्के आला, माणसं आत गेली, दुपारी जेवायला बाहेर आली. नायट्रोजनच्या लाइनचा वाल्व बंद होता, पण ब्लाइंड (लाइन पक्की बंद करणारी धातूची चकती) टाकलेला नव्हता, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जेवणानंतर पर्मिट पुन्हा सहीला आलं तेव्हा मी प्लांट हेडना म्हणालो, "साहेब, ब्लाइंड टाकून घ्यायचा का? एकदा गॅस बघून घेऊया का?" ते म्हणाले, "सकाळी बघितलाय ना?" मी "हो साहेब" म्हणालो आणि सही केली.

वाल्व पास होत होता, म्हणजे बंद असूनही त्यातून गॅस आत झिरपत होता. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही. श्वास कोंडतोय असंही वाटत नाही, माणूस थेट कोसळतो. बाहेर टाकीच्या तोंडाशी पहाऱ्याला उभा असलेला होल-वॉच सावध होता आणि हार्नेसला दोरी बांधलेली होती, म्हणून त्या पोराला ओढून काढता आलं. वाचला तो. दवाखान्यात त्याच्या वडिलांनी मला एवढंच विचारलं, "तुम्ही सेफ्टीवाले ना?"

चौकशीत प्लांट हेड म्हणाले, "यांनी हरकत घेतलीच नव्हती, नुसतं विचारलं होतं." या वाक्याने मला मेमोपेक्षा जास्त जाळलं, कारण ते खरं होतं. मी धोका सांगितलाच नव्हता, परवानगी मागितली होती. प्रश्न विचारला की समोरच्याला "नाही" म्हणायची सोय आपणच करून देतो. तेनेरिफच्या धावपट्टीवर २७ मार्च १९७७ रोजी दोन जम्बो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. टेकऑफ सुरू झाल्यावर फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की पुढचं विमान अजून धावपट्टीवरच आहे. त्यानेही ती प्रश्न म्हणूनच मांडली. कॅप्टन कंपनीतला नावाजलेला प्रशिक्षक होता, त्याने ती झटकून टाकली आणि विमान धावत राहिलं. कॉकपिटमध्ये ज्युनिअरने स्पष्ट कसं बोलायचं याचं प्रशिक्षण विमान कंपन्यांनी पुढे सुरू केलं, त्यामागे हा अपघात मोठं कारण होता.

मला कंपनीच्या एचआरने काय दिलं? "तुमचं कम्युनिकेशन कमी पडतं" असं पत्र आणि हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा. सगळी वाक्यं इंग्रजीत. आमच्या प्लांटमध्ये रात्री दोन वाजता कोणीही इंग्रजीत भांडत नाही. आणि ज्या माणसाचं काम मी थांबवायचं, तोच माझं अप्रेझल लिहितो, हे तिथे कोणी विचारलंच नाही. आजही त्याचा राग येतो.

तर कोर्स करा, पण आधी तुमचा रिपोर्टिंग चार्ट बघा. महाराष्ट्राचे १९८२ चे सेफ्टी ऑफिसर नियम म्हणतात की सेफ्टी ऑफिसर थेट कारखान्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करेल. मी वकील नाही, आणि नव्या कामगार संहितेत बऱ्याच गोष्टी बदलल्यात, त्यामुळे तुमच्या युनिटला आज नेमकं काय लागू आहे ते जाणकाराकडून तपासून घ्या. पण तुम्ही प्रॉडक्शनच्या हाताखाली असाल तर तो मुद्दा लेखी मांडा. आवाज कमावून ही गाठ सुटत नाही.

बोलायचं कसं? मी आता असं बोलतो: "साहेब, नायट्रोजनची लाइन जोडलेली आहे. ब्लाइंड टाकल्याशिवाय मी माणूस आत सोडणार नाही. फिटर उभा आहे, पाऊण तास लागेल." काय धोका आहे, मी काय करणार नाही, आणि काम पुन्हा कधी सुरू होईल. तिसरं वाक्य विसरू नका. प्रॉडक्शनवाल्याला वेळ कळली की निम्मा विरोध मावळतो. "कंपनीचा नियम आहे" असं म्हणून नियमामागे लपू नका, लाइनकडे बोट दाखवा. आणि ही वाक्यं घरी मोठ्याने म्हणा, अगदी बायकोसमोर सुद्धा. मनातल्या मनात घोकलेलं वाक्य ऐन वेळी तोंडातून निघत नाही.

एक मात्र सांगतो. त्या घटनेनंतर वर्षभर मी सगळंच अडवायला लागलो. हेल्मेटचा चिनस्ट्रॅप सैल म्हणूनही काम बंद. लांडगा आला रे आला, तसं झालं. लोक मला बघून बोलणं थांबवायचे, आणि थोडक्यात टळलेले अपघात माझ्यापर्यंत येईनासे झाले. तेव्हा जिथे माणूस मरू शकतो तिथेच पाय रोवा, बाकी चहावर बोलून होतं. चहाची गोष्ट मनापासून सांगतोय: शिफ्ट इनचार्जबरोबर रोज दहा मिनिटं बसा. वाल्व पास होतोय हे त्याला आधीच माहीत असतं.

हे सगळं माझ्या केमिकल प्लांटच्या अनुभवातलं. बांधकामाच्या साइटवर ठेकेदारी वेगळी चालते, तिथलं तिथल्या लोकांनी सांगावं.

तुमची तीन वाक्यं इथे खाली लिहा. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो, फोनवर मी प्रॉडक्शन मॅनेजर बनतो आणि तुम्ही मला अडवा.