ओढण्याआधी शोधा: गाडीच्या दाराच्या पॅडविषयी प्रश्नोत्तरे

पॅड म्हणजे गाडीच्या दाराचं आतल्या बाजूचं आवरण. दाराचं आतलं हँडल, आर्मरेस्ट, पॅड पत्र्याला धरून ठेवणाऱ्या क्लिपा, स्विचची पट्टी असे भाग घरी बदलण्याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेकांची अडचण नवा भाग बसवताना आलेली नाही, जुना काढताना आली आहे. म्हणून उत्तरंही तिकडेच झुकलेली आहेत.

प्रश्न: दिसले तेवढे सगळे स्क्रू काढले. खालची कड सुटली, पण हँडलच्या आसपास पॅड जराही हलत नाही. थोडा आणखी जोर लावू का?

अजिबात नको. क्लिप ओढली की आधी थोडी हलते आणि मग ‘टक्’ आवाज करून सुटते. स्क्रू सुटत नाही, त्याच्याभोवतीचं प्लास्टिक तुटतं. पॅड एकाच जागी ठाम अडलं असेल तर तिथे स्क्रू राहिला आहे असंच धरून चाला.

लपवलेल्या स्क्रूच्या जागा ठरलेल्या असतात. आतल्या हँडलच्या वाटीत नखाएवढी टोपी असते, तिच्यामागे बघा. दार ओढून घ्यायच्या खाचेच्या तळाशी बघा. तिथे कधी रबरी तुकडा, कधी झाकण असतं. मग खिडकीच्या स्विचच्या पट्टीखाली, दाराच्या दिव्याच्या झाकणामागे, बाहेरच्या आरशाच्या मागे आत येणाऱ्या तिकोनी झाकणाखाली आणि शेवटी पॅडच्या खालच्या व बाजूच्या कडेला. टॉर्च समोरून मारण्यापेक्षा पॅडला चिकटवून आडवा धरा, टोपीची बारीक रेघ लगेच उठून दिसते.

सगळे स्क्रू निघाल्यावर खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. प्लास्टिकची पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी घाला आणि सरळ स्वतःकडे ओढा. दोन क्लिपांच्या मधे ओढलं तर पॅड वाकतं आणि क्लिपऐवजी तिचा कप्पा उखडतो. क्लिपा सुटल्या तरी बऱ्याच गाड्यांत पॅड वरच्या कडेने खिडकीच्या पट्टीवर अडकवलेलं असतं. तिथे ओढायचं नाही, दोन्ही हातांनी सरळ वर उचलायचं. उचलल्यावरही लगेच दूर नेऊ नका. मागे स्विचचे कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड) आणि हँडलची केबल लटकत असते. पॅड गुडघ्यावर टेकवा, कपलरची जीभ दाबून तो सोडवा. वायर धरून कपलर ओढू नका.

प्लास्टिक गार असताना ठिसूळ होतं. थंड हवेत काम करायचं असेल तर हेअर ड्रायरने क्लिपांच्या ओळीवर थोडी ऊब द्या. आणि जपानी बनावटीच्या गाडीत स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर तो जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, खाचेचा स्क्रू आहे. नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात घसरतो आणि खाच गोल करून ठेवतो.

प्रश्न: जुनी गाडी आहे, काच हाताने फिरवायची. ते हँडल कशाने धरलंय हेच कळत नाही, स्क्रू तर दिसत नाही.

काही हँडलांच्या मधोमध टोपीखाली स्क्रू असतो, तो आधी शोधा. नसेल तर मागे घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची क्लिप आहे. हँडल आणि पॅडच्या मधल्या फटीत सुती कापडाची पट्टी घाला, दोन्ही टोकं धरून करवतीसारखी मागेपुढे ओढा. कापड क्लिपच्या टोकात अडकतं आणि ती बाहेर उडते. खरोखर उडते, म्हणून चष्मा लावा आणि खाली चादर अंथरा. काढण्याआधी काच पूर्ण वर घेऊन हँडल कोणत्या दिशेला आहे याचा फोटो काढून ठेवा. पुन्हा बसवताना क्लिप आधी हँडलमध्ये अडकवायची आणि मग हँडल दांड्यावर दाबायचं.

प्रश्न: निम्म्या क्लिपा तुटल्या. मिळतील त्या बसवल्या तर चालतात का?

भोकाचा व्यास, पायाची लांबी आणि डोक्याची जाडी या तिन्ही गोष्टी जुळल्या तर चालतात. एकाच दारात दोन प्रकारच्या क्लिपा असणंही नेहमीचं आहे, त्यामुळे एकच क्लिप नमुना म्हणून नेऊ नका. जुन्या क्लिपेला फोमची किंवा रबराची चकती असेल तर नवीलाही ती हवीच. ती भोकातून येणारं पाणी अडवते आणि खडखडही थांबवते. तुटलेला पाय पत्र्याच्या भोकात राहिला असेल तर पक्कडीने बाहेर काढा. आत ढकलून दिलात तर तो दाराच्या तळाशी पडतो आणि तिथलं पाणी जायचं भोक बुजवू शकतो.

प्रश्न: पॅडमागे काळ्या चिकट पदार्थाने लावलेला प्लास्टिकचा कागद होता. काढताना फाटला, म्हणून टाकून दिला. दार नीट बंद होतंय, काच चालतेय. त्याची खरंच गरज असते का?

असते, आणि ती कळायला एक मोठा पाऊस पुरतो. काचेच्या बाहेरून लागणारी रबरी पट्टी सगळं पाणी अडवत नाही. थोडं पाणी दाराच्या पोटात उतरतं, आणि ते उतरावं अशीच दाराची रचना असते. तळाच्या भोकांतून ते बाहेर जातं. तो कागद म्हणजे दाराचं ओलं पोट आणि गाडीचा कोरडा भाग यांच्यातली भिंत आहे. ती नसली की पाणी पॅडच्या पाठीवर येतं, उंबरठ्यावरून आत ओघळतं आणि कार्पेटखालच्या फोममध्ये मुरतं. मग लोक छत, काच, एसीचा पाइप तपासत बसतात. जुन्या गाड्यांत पॅडची पाठ दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाची असते; ती एकदा फुगली की क्लिपा धरतच नाहीत.

आता उपाय. जुना कागद हाताशी असेल तर फाटलेल्या जागी दोन्ही बाजूंनी पाण्याने न सुटणारी टेप लावा. नसेल तर जाड पॉलिथिनचा कागद दारावर धरून कापा. केबल आणि वायरींसाठी लागतील तेवढीच भोकं पाडा, मोठी नकोत. चिकटवायला ब्युटाइलची, म्हणजे चिकट मऊ रबराची, पट्टी वापरा. ती वर्षानुवर्षं मऊ राहते, पुढे उघडायची वेळ आली तर सुटते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका. सुकताना त्यातून आम्ल निघतं आणि पत्रा गंजायला मदत होते. कागदाची खालची कड पत्र्यावर बाहेरून नुसती चिकटवायची नाही. मूळ रचनेत ती दाराच्या फटीत आत खोचलेली असेल तर तशीच खोचा, म्हणजे ओघळ दाराच्या पोटात पडतो. पॅड चढवण्याआधी बाहेरून काचेवर मगभर पाणी ओता आणि आतून बघा. (ब्युटाइल बोटांना लागलं तर त्याच्याच गोळ्याने टिपून घ्या, साबणाने नुसतं पसरतं.)

एक अपवाद सांगायला हवा. काही गाड्यांत बाजूने धडक बसल्यावर दाराच्या पोटातला हवेचा दाब एकदम वाढतो, तो ओळखणारा सेन्सर दारात असतो आणि त्याच्यावर बाजूच्या एअरबॅगचा निर्णय अवलंबून असतो. अशा दारात घरी कापलेला प्लास्टिकचा कागद नको. कंपनीचाच घ्या आणि सगळीकडून नीट बंद करा.

प्रश्न: आर्मरेस्टचा फक्त वरचा भाग फाटला आहे. तेवढाच मिळाला, पण मागे स्क्रू नाहीत, प्लास्टिकच्या वितळवलेल्या गोळ्या आहेत. पूर्ण पॅडच बदलावं लागेल का?

नाही. त्या गोळ्या म्हणजे आर्मरेस्टच्या खुंट्या. पॅडच्या भोकांतून आरपार काढून कारखान्यात त्यांची टोकं वितळवून चेपलेली असतात. धारदार छिन्नीने किंवा छोट्या ग्राइंडरने फक्त चेपलेली टोपी उडवा, पॅडचं भोक मोठं करू नका. नव्या भागाच्या खुंट्या लांब असतील तर सोल्डरिंग आयर्नने टोकं मऊ करून चेपा. हे काम उघड्यावर करा, धूर वाईट असतो. खुंट्या आखूड असतील तर त्यांच्या मध्यात बारीक भोक पाडून रुंद वायसरसकट स्क्रू घाला. स्क्रूची लांबी आधी मोजा. आर्मरेस्टच्या वरून बाहेर आलेलं टोक कोपराला रोज भेटेल.

गोंदावर भिस्त ठेवायची तर आधी भागाच्या पाठीवरची खूण वाचा. दोन कोनी कंसांत एबीएस (ABS) किंवा पीपी (PP) असं प्लास्टिकच्या प्रकाराचं नाव कोरलेलं असतं. पीपीपुढे टी २० (T20) असेल तर त्यात २० टक्के टाल्क, म्हणजे एक खनिज पूड, आहे. एबीएसला सुपर ग्लू आणि इपॉक्सी बऱ्यापैकी धरतात. पीपीला जवळजवळ काहीच धरत नाही. तिथे वितळवून जोड किंवा स्क्रू, हेच दोन मार्ग.

नवा भाग मागवताना डावा-उजवा तर बघाच, पण दारात पॉवर विंडो आहे की हाताची, ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) आहे की नाही, गाडी मॉडेल बदलण्याच्या आधीची की नंतरची, हेही जुळवा. जुन्या भागाच्या पाठीवर नंबर असतो, तो सगळ्यात खात्रीचा.

प्रश्न: पॅड काढून ठेवलं असताना गाडी चालू केली, तेव्हापासून एअरबॅगचा दिवा जात नाही.

बहुधा एअरबॅगच्या वायरिंगचा कपलर सुटा असताना इग्निशन चालू झालं. हा कपलर सहसा पिवळा असतो. बऱ्याच गाड्यांत तो पुन्हा जोडला तरी गाडीच्या यंत्रणेत बिघाडाची नोंद राहते आणि ती स्कॅनरनेच पुसावी लागते. पुसून घ्या, दिवा लागलेला असताना एअरबॅग उघडेल असं धरून चालू नका. पुढच्या वेळी काम सुरू करण्याआधी इग्निशन बंद करा, बॅटरीची ऋण बाजू सोडा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, कारण यंत्रणेत साठलेला विद्युतभार लगेच उतरत नाही. मल्टिमीटरने पिवळ्या वायरी तपासायचा मोह टाळा. मीटरच्या छोट्या प्रवाहानेही एअरबॅग फुटू शकते. आणि एअरबॅग दारातच बसवलेली असेल तर पॅडला हात लावू नका, ते काम वर्कशॉपचं.

प्रश्न: सगळं बसलं, पण आता खड्ड्यात दार वाजतं. शिवाय काच एका दाबात पूर्ण वर जात नाही, मधेच थांबते.

काचेचं सोपं आहे. बॅटरी सोडल्यामुळे मोटर काचेची वरची मर्यादा विसरली आहे. काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच ओढून धरा, बहुतेक गाड्यांत एवढं पुरतं. नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये बघा. आवाजासाठी पॅडवर तळहात दाबून एकाला गाडी चालवायला सांगा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथली क्लिप बसलेली नाही. सगळ्या क्लिपा बसल्या असूनही वाजत असेल तर हँडलची केबल किंवा सुटा कपलर पत्र्यावर आपटतोय. त्याला कापडी वायरिंग टेप गुंडाळा. स्क्रू पुन्हा पिळताना मात्र आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात ‘टुक्’ करून पडला की मग सुलटा, आणि हातानेच.