तापमानानुसार छिद्रं उघडणारी मेम्ब्रेन गोव्यातल्या विहिरीच्या पाण्याला चालेल का?

तुमचा प्रश्न असा, की तापमानाप्रमाणे छिद्रं उघडणाऱ्या-मिटणाऱ्या 'स्मार्ट' मेम्ब्रेनविषयी, म्हणजे पाणी गाळणाऱ्या बारीक छिद्रांच्या पातळ पडद्याविषयी, वाचलंय, पावसाळ्यात विहिरीचं पाणी तांबडं येतं, तर घरी ती बसवून उपयोग होईल का. मी डिचोलीचा, एम.एस्सी.ला पॉलिमर शिकलो, म्हणून लिहितो.

त्या छिद्रांच्या कडेला पॉलिमरच्या, म्हणजे छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या, लांब साखळ्या रोवलेल्या असतात. नाव लांबलचक, पॉली एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड. आम्ही 'पीनायपाम' म्हणायचो. गार पाण्यात त्या पाणी धरून फुगतात, वाट अरुंद होते. साधारण ३२ अंशांच्या वर पाणी सोडून आकसतात, वाट मोकळी होते. या पॉलिमरचं परीक्षानळीतलं नितळ द्रावण कोमट पाण्यात धरलं की बघताबघता ताकासारखं पांढरं होतं आणि नळाखाली धरलं की परत नितळ. मे महिन्यात मात्र नळाचंच पाणी गच्चीवरच्या टाकीत तापून यायचं, मग बर्फ आणावा लागायचा.

गोव्यात अडचण नेमकी इथेच आहे. ३२ अंशांच्या आसपास म्हणजे पावसाळा सोडला तर आपली नेहमीची दुपार. सकाळी मिटलेली छिद्रं दुपारी आपोआप उघडली, तर तो फिल्टर कशाच्या भरवशावर वापरायचा? पॉलिमरमध्ये पाणी ओढणारा दुसरा घटक मिसळून हा आकडा वर नेता येतो. तेवढं केल्याशिवाय आपल्या हवेत मला ही मेम्ब्रेन पटत नाही.

मला तिचा खरा मोठा गुण वाटतो तो धुण्याचा. मेम्ब्रेन चिखलाने, शेवाळाने चोंदते. आळीपाळीने गार-गरम पाणी सोडलं की साखळ्या फुगतात, आकसतात आणि वर चिकटलेला थर सुटायला मदत होते. आमच्या घरी आई जुलैत दर दोन दिवसांनी फिल्टरची कँडल घासायची, हात लाल व्हायचे. म्हणून या संशोधनाबद्दल मला फार आस्था आहे. पण हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे.

तुम्ही आधी एक करा. कळशीभर पाणी काढून रात्रभर ठेवा. काढतानाच गढूळ असेल, तर ती बहुधा माती; ती गाळता येते. काढताना नितळ आणि सकाळी तळाशी तांबूस साका असेल, तर बहुधा लोह विरघळलेलं आहे. ते अशा छिद्रांतून सरळ पार जातं, छिद्रं उघडी असोत वा मिटलेली. त्याला आधी हवा खेळवून मग वाळूतून गाळावं लागतं. जंतूंसाठी पाणी उकळणं तोवर सोडू नका.