लाइटस्क्वेअर्ड आणि जीपीएस: बँड कंपनीचाच होता, मग चूक कोणाची?

लाइटस्क्वेअर्ड ही अमेरिकेत टॉवरचं मोबाइल इंटरनेट नेटवर्क उभारू पाहणारी कंपनी. ती स्वतःच्याच बँडमध्ये, म्हणजे तिला मिळालेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, राहणार होती, मग जीपीएसवाले का ओरडले, असं तुम्ही विचारलंय. २०११ मध्ये लाइटस्क्वेअर्डही हेच म्हणत होती, की आमचे सिग्नल बाहेर जात नाहीत, तुमचे रिसीव्हरच आमच्या बँडमध्ये डोकावतात. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

त्यांचा बँड १५२५ ते १५५९ मेगाहर्ट्झ, तो मुळात सॅटेलाइट फोनसाठी. जीपीएसचा एल-१ सिग्नल १५७५.४२ वर, म्हणजे अगदी शेजारी. तो २०,२०० किलोमीटरवरून येतो, जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजखाली (खरखरीखाली) दबलेला असतो. शेजारीही आकाशातूनच कुजबुजणारा होता तोवर काही अडचण नव्हती. जमिनीवरच्या टॉवरना परवानगी आधीही होती पण सॅटेलाइट सेवेला पूरक म्हणून, आणि जानेवारी २०११ मध्ये एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने) अशी सूट दिली की हँडसेट नुसते टॉवरवर चालले तरी हरकत नाही. आता त्याच जागी चाळीस हजार टॉवर, तेही दीड हजार वॉटच्या घरातले! एवढ्या ताकदीने रिसीव्हरचा पुढचा अँप्लिफायरच ओव्हरलोड होतो, मग कंपनीचं ट्रान्समिशन कितीही स्वच्छ असू दे.

फिल्टर लावा म्हणणं सोपं आहे. मोबाइलमधल्या जीपीएसला अरुंद फिल्टर चालतो, पण सर्व्हेच्या आणि शेतीच्या अचूक रिसीव्हरना रुंद बँडविड्थ लागते, त्यातले काही तर करेक्शनचे (अचूकता वाढवणारे) सिग्नल याच शेजारच्या बँडमधल्या सॅटेलाइटवरून घेतात, ते कसे गाळणार? आणि विमानात बसवलेला रिसीव्हर सर्टिफिकेशनशिवाय बदलता येत नाही.

माझ्या मते मोठी चूक एफसीसीची, कारण सूट आधी दिली, टेस्ट नंतर. टेस्टमध्ये अडथळा दिसला, कंपनीने फक्त खालचे, जीपीएसपासून लांबचे १० मेगाहर्ट्झ वापरतो असंही सांगून पाहिलं, तरी फेब्रुवारी २०१२ मध्ये एफसीसीने परवानगी मागे घ्यायचा प्रस्ताव आणला आणि मे महिन्यात कंपनी दिवाळखोरीत गेली. गुंतवणूकदारांचे अब्जावधी डॉलर अडकले, त्यांचा राग मला पटतो.

पुढे तीच कंपनी लिगाडो नावाने परत आली. २०२० मध्ये एफसीसीने मंजुरी दिली तेव्हा पॉवर जेमतेम १० वॉटवर आणली होती आणि मध्ये २३ मेगाहर्ट्झ मोकळे ठेवले होते. एवढं करूनही पेंटॅगॉनचा विरोध कायम राहिला, नेटवर्क उभं राहिलंच नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये लिगाडोनेही दिवाळखोरीचा अर्ज केला.